पथ्य सांभाळताना फळांतली साखर मोजावी का?

शेवंती

वजन आणि रक्तशर्करा या दोन्हींसाठी आहार सांभाळणाऱ्या सदस्यांकडून मार्गदर्शन हवे आहे. माझी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आली आहे, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात मी बसते. डॉक्टरांनी साखर, गूळ आणि मिठाई बंद करायला सांगितली आणि फळांबद्दल 'बेताने खा' इतकेच म्हटले. घरात त्याचे दोन अर्थ निघाले आहेत. सासूबाईंच्या मते फळातली साखर निसर्गाने घातलेली असते, ती कोणाला बाधत नाही, आणि आंब्याच्या दिवसांत आंब्याला नाही म्हणणे हा निव्वळ करंटेपणा आहे. यजमान मोबाइलवरच्या ॲपमध्ये प्रत्येक घास नोंदवतात. त्यात एक हापूस आणि पाच चमचे साखर यांच्यापुढे सारखाच लाल ठिपका उमटतो.

मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की फळातल्या साखरेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो का, आणि लागत असेल तर तो कशाने मोजायचा: फळाच्या गोडीने, वजनाने, की ग्लायसेमिक इंडेक्सच्या (एखादा पदार्थ रक्तशर्करा किती वेगाने चढवतो ते दाखवणाऱ्या आकड्याच्या) तक्त्याने? समाजमाध्यमांवर फिरणारे संदेश कृपया येथे चिकटवू नयेत, ते सर्व माझ्यापर्यंत पोहोचलेले आहेत.

रसायनी

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे सुरुवात रेणूंपासून करते. फळांत मुख्यतः तीन साखरा असतात: ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि या दोहोंच्या जोडणीतून तयार झालेले सुक्रोज. सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातली साखरच. पिकलेल्या आंब्यात सर्वांत मोठा वाटा सुक्रोजचा असतो, द्राक्षांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखे असतात, तर सफरचंदात फ्रुक्टोज अधिक असते. हा रेणू उसातून आला की आंब्यातून, हे आतड्यातल्या विकरांना कळण्याचा काही मार्ग नाही. त्यामुळे सासूबाईंचे कारण टिकत नाही. यजमानांचे ॲप साखर बरोबर मोजत असेल, परंतु ती साखर कशात बांधलेली आहे हे ते पाहत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत मर्यादा घातली आहे ती मुक्त साखरेवर: दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस हे सर्व या मर्यादेत मोडतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर मात्र त्यात धरलेली नाही.

याचे कारण ब्रिस्टलमध्ये झालेल्या आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात चांगले दिसते. निरोगी माणसांना समान कर्बोदके पोटात जातील अशा बेताने एकदा सफरचंद, एकदा त्याचा गर आणि एकदा त्याचा रस दिला गेला. रस पिऊन संपायला अख्खे फळ खाण्याच्या मानाने अकरापट कमी वेळ लागला, आणि पोट भरल्याची भावना फळानंतर सर्वांत जास्त व रसानंतर सर्वांत कमी होती. रक्तातली साखर तिन्ही वेळा सारख्याच पातळीपर्यंत चढली. परंतु रस आणि गर यांच्यानंतर इन्शुलिन अधिक स्रवले, आणि रसानंतर साखर जी खाली घसरली तशी ती अख्ख्या फळानंतर घसरली नाही. लवकर भूक का लागते, हे समजायला एवढे पुरे आहे.

आता प्रमाण. दर १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागात द्राक्षांत १५ ते १६ ग्रॅम, आंब्यात १४, केळ्यात १२, सफरचंदात १०, पेरूत ९, पपईत ८, कलिंगडात ६ आणि स्ट्रॉबेरीत ५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. वाण आणि पक्वता यांनुसार हे आकडे थोडे हलतात. जिभेला जाणवणारी गोडी यासाठी कुचकामी आहे, कारण आम्लता गोडी झाकते. डाळिंब आंब्यापेक्षा कमी गोड लागते, पण त्याच्या दाण्यांतही १३ ते १४ ग्रॅम साखर असते.

तिसरी घंटा

मी कर्बोदके कमी ठेवणारा आहार घेतो आणि फळे जवळजवळ बंद केली आहेत, त्यामुळे विरुद्ध बाजू मांडतो. फ्रुक्टोजवर मुख्यतः यकृतात प्रक्रिया होते, जास्तीच्या भागाची तिथे चरबी होते आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) व युरिक ॲसिड वाढू शकते, हे रसायनीताईंच्या प्रतिसादात आलेले नाही. शिवाय आजची फळे पिढ्यान्‌पिढ्या गोडीसाठी निवडून वाढवलेल्या वाणांची आहेत. रानातले बोर आणि बाजारातले ॲपल बोर यांची तुलना करून पाहावी. माझ्या ग्लुकोमीटरवर दोन चिकूंनंतर जो आकडा दिसतो तो अंडी आणि भाजीच्या जेवणानंतर दिसत नाही. क जीवनसत्त्व लिंबू, कोथिंबीर आणि सिमला मिरची यांतून मिळते, तंतू भाज्यांतून मिळतात. मग पथ्य करणाऱ्याने फळांसाठी एवढा जीव का टाकावा?

रसायनी

यकृताविषयी आपण लिहिलेली प्रक्रिया खरी आहे, प्रश्न मात्रेचा आहे. दुष्परिणाम दाखवणाऱ्या बहुतेक प्रयोगांत फ्रुक्टोज पेयांतून आणि मोठ्या मात्रेत दिलेले असते. अर्ध्या लिटर कोलात ५० ग्रॅमहून अधिक साखर असते, त्यातली निम्मी फ्रुक्टोज, आणि ती पाच मिनिटांत पोटात जाते. एका मध्यम सफरचंदातून मिळणारे फ्रुक्टोज ९ ते १० ग्रॅम, तेही चावून चावून.

लोकांवर दीर्घकाळ केलेली निरीक्षणेही फळांच्या विरोधात जात नाहीत. अमेरिकेतील आरोग्यसेवकांच्या तीन मोठ्या गटांचा, एकूण सुमारे १ लाख ८७ हजार जणांचा, अभ्यास २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे अधिक खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले, फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत ते जास्त आढळले. खरबुजाच्या बाबतीत मात्र धोका किंचित वाढलेला दिसला, हेही सांगितले पाहिजे. चीनमधील सुमारे ५ लाख प्रौढांच्या पाहणीत (२०१७) ताजी फळे नियमित खाणाऱ्यांना मधुमेह कमी झाला, आणि ज्यांना आधीच मधुमेह होता त्यांच्यातही फळे खाणाऱ्यांना गुंतागुंत कमी झाली. फळे खाणारा माणूस बहुधा इतर बाबतींतही सांभाळून वागतो आणि खिशानेही बरा असतो, त्यामुळे अशा पाहण्यांतून थेट कार्यकारणभाव काढता येत नाही, हे मान्य आहे.

म्हणून डेन्मार्कमधील एक प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. नव्याने टाइप २ मधुमेह निदान झालेल्या ६३ जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला दिवसाला किमान दोन फळे खाण्यास सांगितले, दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांची एचबीएवनसी उतरली होती आणि त्या उतरण्यात लक्षणीय फरक नव्हता. प्रयोग लहान आहे, परंतु मधुमेहींनी फळे तोडावीत या सल्ल्याला त्यातून आधार मिळत नाही.

आपण फळांवाचून उत्तम राहत असाल तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. शेवंतीताईंनी विचारलेला प्रश्न मात्र खाल्ल्यास चालेल का, असा आहे.

बागाईतदार

कोकणातल्या बागेच्या अनुभवावर दोन गोष्टी सांगतो. झाडावरून उतरवलेल्या तयार हापूसमध्ये पिष्ट भरपूर असते. अढीत घातल्यावर त्याची साखर होते. केळ्यातही हेच घडते, म्हणून हिरवट केळे आणि काळे ठिपके पडलेले केळे यांची जातकुळी वेगळी. पूर्ण पिकलेल्या चांगल्या हापूसच्या रसाची गोडी मोजली तर १८ ते २० ब्रिक्स (रसात विरघळलेल्या द्रव्यांची टक्केवारी) भरते. त्यातला काही भाग आम्लांचा व इतर विरघळलेल्या द्रव्यांचा असतो, त्यामुळे हा आकडा रसायनीताईंच्या १४ ग्रॅमशी फारसा भांडत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शहरात आंबा पेटीने जातो. पेटीतले आंबे एकदम तयार होतात, आणि मग 'आज संपवले नाहीत तर उद्या डागतील' या धाकाने घरातले सगळे दिवसाला तीन-चार आंबे खातात. रसायनशास्त्र कितीही अनुकूल असले तरी या धाकाला मर्यादा ठाऊक नसते. ज्यांना पथ्य आहे त्यांनी डझनाने घ्यावे आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर तयार होणारे मागावेत; विक्रेता ओळखीचा असेल तर तो आनंदाने निवडून देतो. आमचा धंदा त्याने बुडत नाही.

अर्धपोळी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वरील चर्चा योग्य दिशेने चालली आहे, पण आपल्या घरांत फळ प्रत्यक्षात कसे खाल्ले जाते हे तीत पुरेसे आलेले नाही. बागाईतदारांनी त्याला हात घातला, तोच धागा पुढे नेते.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांच्या आहारात फळ हे जेवणाची भर असते, बदली नसते. तीन पोळ्या, भात, वरण, भाजी झाली की वर आंबा. पोळी एकही कमी होत नाही. एका मध्यम पोळीतून साधारण २० ग्रॅम कर्बोदके मिळतात. अडीचशे ग्रॅमच्या हापूसची साल आणि बाठ वजा केली तर दीडशे ग्रॅमच्या आसपास गर उरतो आणि त्यातून २० ते २२ ग्रॅम साखर मिळते. म्हणजे एक आंबा जवळपास एका पोळीच्या जागी बसतो. ज्या दिवशी आंबा खायचा त्या जेवणात एक पोळी किंवा तेवढाच भात कमी केला, तर कर्बोदकांचा हिशेब तिथेच मिटतो. २०२५ साली दिल्लीतील संशोधकांनी टाइप २ मधुमेहींना आठ आठवडे सकाळच्या पावाऐवजी २५० ग्रॅम आंबा दिला, तेव्हा उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी दोन्ही सुधारल्या. त्या बातम्या घराघरांत 'मधुमेहात आंबा चालतो' अशा रूपात पोहोचल्या, आणि पावाऐवजी हा शब्द वाटेतच गळला. प्रयोगाचा गाभा तोच होता.

याउलट आमरस-पुरीचे जेवण पाहा. एका मोठ्या वाटीत दोनशे ग्रॅम रस, म्हणजे २८ ग्रॅम साखर. रस आंबट निघाला तर वरून दोन चमचे साखर, म्हणजे आणखी १० ग्रॅम. मागाहून आग्रहाची दुसरी वाटी. सोबत पाच-सहा पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. रस चावावा लागत नाही, त्यामुळे वाटेल त्या वेगाने जातो. अक्षय्य तृतीयेला हे जेवण जेवू नका असे मी कोणालाच सांगत नाही. मात्र त्याला फळ खाल्ले असे म्हणू नये. ते पक्वान्न आहे आणि पक्वान्नाच्याच खात्यावर मांडावे. शिकरण, फ्रूट सॅलड आणि मस्तानी यांनाही हाच न्याय लागू होतो. फोडी करून ताटात घेतलेला आंबा निराळा.

सुक्या फळांकडे उपवासाच्या दिवशी फार उदारपणे पाहिले जाते. बेदाण्यांत वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक साखर असते, खजुरातही तशीच. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बेदाणे खाल्ले तर सव्वाशे ग्रॅम द्राक्षांची साखर पोटात जाते, आणि द्राक्षांतल्या पाण्याने जे पोट भरते ते इथे भरत नाही. 'साखर न घालता केलेले' खजुराचे लाडू या प्रकाराविषयी मी गेली काही वर्षे गप्प राहायला शिकले आहे.

ग्लायसेमिक इंडेक्सविषयी शेवंतीताईंनी विचारले आहे. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडलेली ही मोजणी उपयोगी आहे, परंतु ती ५० ग्रॅम कर्बोदके देणाऱ्या भागावर केली जाते. जुन्या तक्त्यांत कलिंगडाचा आकडा ७० च्या वर आहे आणि त्यामुळे पुष्कळ मधुमेही कलिंगडाला घाबरतात. पण ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी साडेसहाशे ग्रॅमहून अधिक कलिंगड खावे लागेल. दीडशे ग्रॅमच्या फोडीत साखर ९ ग्रॅम. तेव्हा तक्त्याआधी वजनकाटा पाहावा.

प्रमाण म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दैनंदिन ताटासाठी सुचवलेली १०० ग्रॅम फळे आणि त्याच्या चौपट भाज्या हा आधार बरा आहे. मधुमेहपूर्व अवस्थेत मी दिवसाला १०० ते १५० ग्रॅमची दोन फळे, दोन वेगळ्या वेळी, असे सांगते. त्यांतले एक शक्यतो पेरू, पपई, संत्रे किंवा जांभूळ असावे. पेरूत दर १०० ग्रॅमला ५ ग्रॅमहून अधिक तंतू असतात आणि तो चावायला वेळ लागतो. चिकू आणि सीताफळ यांत कर्बोदके १०० ग्रॅमला वीसच्या पुढे जातात. ती खावीत, पण अर्धे फळ पुरे.

पैलतीर

आम्ही अमेरिकेत असतो आणि आमच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, त्यामुळे आमच्या घरी या चर्चेला कर्बोदकांच्या मोजणीचे रोजचे रूप आहे. फळ काट्यावर ठेवायचे, कर्बोदके काढायची, त्यानुसार इन्शुलिन द्यायचे. या मोजणीत फळाला सवलत मिळत नाही आणि शिक्षाही होत नाही. ते पोळीसारखेच मोजले जाते. रस आणि फळ यांतला फरक मात्र आम्हांला डोळ्यांनी दिसतो. साखर अचानक खाली गेली की पटकन चढणारी १५ ग्रॅम कर्बोदके द्यायची असतात, आणि त्यासाठी आम्ही छोट्या डबीतला रस जवळ ठेवतो. सफरचंद कोणी ठेवत नाही, कारण ते वेळेवर पोहोचणार नाही. संकटात जो गुण म्हणून वापरतो, तोच रोजच्या न्याहारीत दोष ठरतो.

इकडच्या मराठी घरांत आमरस बहुधा हवाबंद डब्यातल्या रसाचा असतो. डब्यामागचे घटक वाचावेत. पुष्कळ डब्यांत आधीच साखर घातलेली असते, आणि त्यात पुन्हा घरची पडते.

मध्यलय

पैलतीर यांच्या मुद्द्याला भारतातली जोड देतो. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये, आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या पेयांच्या वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला. 'वरून साखर घातलेली नाही' हे वाक्य मात्र खरे असू शकते आणि तरीही संत्र्याच्या रसाच्या पेल्यात १६ ते १७ ग्रॅम मुक्त साखर असू शकते. गाडीवर समोर काढून दिलेल्या ताज्या रसालाही हेच लागू आहे. ताजेपणाने साखर बांधली जात नाही.

तिसरी घंटा

पोळीच्या बदल्यात आंबा हे अर्धपोळीताईंचे सूत्र मला पटण्यासारखे आहे, कारण ते शेवटी कर्बोदकांची एकूण मर्यादा मान्य करते. पण सरासरीच्या अभ्यासांतून प्रत्येक व्यक्तीचे उत्तर मिळत नाही. माझ्या शरीराला चिकू झेपत नाही, पेरू झेपतो. शेवंतीताईंनी स्वतःच्या बोटावर तपासून पाहावे, एवढीच माझी सूचना.

शेवंती

सर्वांचे आभार. यजमानांनी चर्चा वाचली आणि ॲपमध्ये रस व फळ वेगवेगळे नोंदवायला सुरुवात केली आहे. सासूबाईंनी त्यांना सोयीचे तेवढे वाचले. दोन शंका उरल्या आहेत. सासूबाईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारी रक्तचाचणी) थोडे वाढलेले आहे; त्यांनाही हेच प्रमाण चालेल का? आणि घरी तपासायचे झाल्यास नेमके कसे तपासावे?

मध्यलय

मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असेल तर साखरेआधी पोटॅशियमचा विचार करावा लागतो. केळे, पेरू आणि शहाळ्याचे पाणी यांत ते बरेच असते. सफरचंद, नासपती आणि अननस यांत तुलनेने कमी. रक्तातील पोटॅशियमचा अहवाल पाहून त्यांच्या डॉक्टरांनी प्रमाण ठरवून द्यावे, धाग्यावरून ठरवू नये. निरोगी माणसासाठी उत्तम असलेला पेरू त्यांच्यासाठी तसा असेलच असे नाही.

अर्धपोळी

मध्यलय यांच्याशी पूर्ण सहमत. घरच्या तपासणीसाठी एका वेळी एकच फळ निवडावे आणि त्याचा गर वजन करून घ्यावा. खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी पुन्हा एकदा साखर पाहावी. दोन तासांनंतरचा आकडा १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असेल तर तेवढे प्रमाण आपल्याला झेपते असे समजायला हरकत नाही. तेच फळ दुसऱ्या दिवशी जेवणासोबत, एक पोळी कमी करून तपासावे, म्हणजे आपल्या रोजच्या परिस्थितीतले उत्तर मिळेल. आदल्या रात्रीचे जागरण, सर्दी-ताप आणि जेवणानंतरचे चालणे यांनी आकडा हलतो, म्हणून एकाच नोंदीवरून फळ बाद करू नये. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. आमरसाच्या पंगतीत शेवटच्या वाटीपासून मोजणारे मला बरेच भेटले आहेत.